बाबा पाखरांकडे गेलेत

१८ एप्रिल

ठकू,

मटणाच्या दुकानातून हाकललेल्या बापाचा आशीर्वाद घे. दुकान माझंच आहे, पण चाव्या तुझ्याकडे आहेत, तेव्हा तुझंच म्हणायला हरकत नाही.

सुखरूप पोचलो. आधी गाडी, मग बस, मग होडी आणि होडीतून उतरल्यावर गुडघाभर चिखल. तुझे सासरे धक्क्यावर उभे होते. लेकीच्या सासऱ्यांकडे पाहुणा म्हणून चाललोय अशी माझी समजूत होती. त्यांनी चहा दिला, खोली दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात एक पांढरा झगा ठेवला. म्हणाले, "डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलंय ना? मग आमची पिलं अंड्यांतून बाहेर आली की त्यांच्याबरोबर चाला."

झगा कशाला, ते सांगतो. या दलदलीत पूर्वी पांढऱ्या क्रौंच पक्ष्यांचे थवे असायचे. माणसाच्या खांद्याला लागेल एवढं उंच पाखरू. लोकांनी दलदल उपसून शेतं केली, राहिलेली पाखरं बंदुकीने टिपून खाल्ली, आणि आता जगात ती जेवढी उरलीत त्याहून आपल्या गल्लीत माणसं जास्त भरतील. व्याही त्यांची अंडी उबवतात, पिलं वाढवतात आणि पुन्हा रानात सोडतात. पण पिलू डोळे उघडून ज्याला बघतं त्याच्याच मागे लागतं. माणसाला आई समजलं तर मोठेपणी बंदूकवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहील. म्हणून इथे पिलांना माणूस दाखवायचाच नाही. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा झगा, तोंडावर जाळी आणि उजव्या हातात क्रौंचाच्या मुंडक्याची बाहुली. खायला घालायचं ते बाहुलीच्या चोचीने. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, सवय व्हावी म्हणून आत्तापासूनच. मी, ठकू. ज्याची हाक चौकापर्यंत जाते, तो मी.

जेवणात रोज मूग आणि भाजी. सकाळभर मूग गिळून गप्प बसतो आणि दुपारी खरोखरचे मूग गिळतो. झटक्यानंतर छातीत बसवलेल्या त्या जाळीच्या नळ्यांना हे आवडतंय की नाही, मला माहीत नाही. मला आवडत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. काल व्याह्यांनी मला अंड्यांच्या खोलीत नेलं आणि एक अंडं कानाला लावायला दिलं. कवचाला कुठे तडासुद्धा नव्हता आणि आत कोणीतरी शीळ घालत होतं. व्याह्यांनी बाहुलीच्या गळ्यातलं छोटं यंत्र चालू केलं, त्यातून क्रौंचमादीची घुरघुर आली. आतलं गप्प झालं. जरा वेळ ऐकत राहिलं. मग त्याने उत्तर दिलं.

मी अंडं खाली ठेवेना, तेव्हा व्याह्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

तुझा,
रजेवर बसवलेला बाबा

*

२७ एप्रिल

बाबा,

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे गप्प बसलेत आणि मी तिथे नाही, हे माझं नशीब." बाकी ती बरी आहे. तुमच्याशिवाय घर शांत वाटतं म्हणते आणि रेडिओ मोठ्याने लावते.

दुकान चाललंय. ठोकळा रोज घासते, सुऱ्यांना तुमच्यासारखी धार येत नाही पण जमेल. गिऱ्हाईकं तुमची चौकशी करतात. पहिल्या दिवशी मी मांडीची चरबी काढत होते. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "बाबा कुठे?" मी मान वर न करता म्हणाले, "बाबा पाखरांकडे गेलेत." बघते तर बाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "चांगला माणूस होता. वजनात थोडा मारायचा, पण चांगला होता." त्यांना खरं काय ते पटवायला अर्धी सकाळ गेली. अजूनही त्या मला अर्धा किलो घेताना हळू आवाजात विचारतात, त्रास नाही ना झाला त्यांना.

आता कामाचं. शीतघरातल्या मागच्या फळीवर धुरी दिलेल्या, खारवलेल्या मांसाचा मोठा डबा होता. तो नाही. मी हलवला नाही, आईने हलवला नाही, आणि आमच्या ह्यांना तर डब्याचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं तेही ठाऊक नाही.

डॉक्टर काय म्हणाले होते, ते तुम्ही विसरला असाल म्हणून लिहिते. ते म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर जे विकलंत तेच दोन्ही वेळा खाल्लंत. अधूनमधून कधी तुकडाभर खाल्लात तर मी भांडणार नाही. पण ते खारवलेलं, धुरी दिलेलं, त्याला हात लावलात तर पुन्हा माझ्याकडे आणायला वेळ मिळेलच असं नाही." मी तिथे उभी होते, बाबा. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

डबा कुठे आहे?

ठकू

*

११ मे

ठकू,

डब्याचं म्हणशील तर उंदरांवर लक्ष ठेव. जुन्या इमारतीत माजतात ते.

चार पिलं बाहेर आली. दालचिनीच्या रंगाची, मुठीएवढी, आणि पाय असे की कोणीतरी चुकून दुसऱ्याचे लावलेत. आपसात भांडतात म्हणून सुरुवातीला वेगवेगळी ठेवली. आता मी त्यांना रोज सकाळी वेतांच्या वाटेने पाण्यापर्यंत नेतो आणि आणतो. मी थांबलो की ती थांबतात. मी बाहुलीची चोच चिखलात खुपसली की चौघंही खुपसतात. आयुष्यात माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस.

दिवसागणिक वाढतात, ठकू. हे म्हणायची पद्धत म्हणून लिहीत नाही. संध्याकाळी झोपवलेलं पिलू सकाळी ओळखू येत नाही. पायात रंगीत कडी घातलीत, त्यावरून ओळखायची. सगळ्यात भित्री आहे ती निळ्या-पिवळ्या कड्याची. पिसाच्या तपासणीवरून कळलं, मादी आहे. जरा ढग गडगडला की माझ्या झग्यात शिरते.

परवा तिला उचलून तराजूवर ठेवायची होती. तुला माहीत आहे, डोळे मिटून हातात काहीही दे, मी वजन सांगतो. दोन्ही हात भरून पाखरू होतं. डोळ्यांना दिसत होतं. आणि हातांना कळत नव्हतं की त्यांच्यात काही आहे. आत पोकळ हाडं, व्याही नंतर म्हणाले. पण त्या वेळी मला वाटलं, मी काहीतरी धरलंय ज्याने अजून ठरवलेलं नाही की जमिनीवर राहायचं की नाही. इतकी वर्षं मी जनावर म्हणजे वजन एवढंच शिकलो. हे काय होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि असता तरी तिथे बोलायची बंदी.

तब्येत उत्तम आहे.

बाबा

*

६ जून

बाबा,

उंदीर झाकणासकट डबा नेतात, बॅगेत घालतात, आणि तीन वाहनं बदलून दलदलीत जातात हे मला नवीन कळलं.

मामंजींनी ह्यांना पत्र लिहिलं. माझ्यापासून लपवायला सांगितलं होतं, पण तुमच्या जावयाचा चेहरा म्हणजे काचेचं कपाट. मी विचारलं आणि त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. तुम्ही वेतांत पडून होता. मामंजींना तुम्ही सापडलात तेव्हा ओठ पांढरे पडले होते. हाकेच्या अंतरावर माणसं होती आणि तुम्ही हाक मारली नाही.

मी रागावून लिहीत नाहीये. रागावून लिहिलेलं पत्र फाडलं, हे दुसरं आहे.

मला एवढंच सांगा, चार पिलांना माणसाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही मरायला तयार होता का? आणि तसं असेल, तर मग मी, आई, हे घर, आम्ही कुठे बसतो?

आईला अजून सांगितलेलं नाही. ती हल्ली रेडिओ लावत नाही. तिला काहीतरी कळलंय.

ठकू

*

१५ जून

ठकू,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. आता जे झालं ते सरळ सांगतो.

डबा मीच आणला होता. रात्रीच्या मुगानंतर एक एक तुकडा. व्याह्यांना वास आला असणार, पण ते भले गृहस्थ, मुलाच्या सासऱ्याला कसं बोलायचं म्हणून गप्प राहिले. त्यांच्याइतका मऊ माणूस मी पाहिला नाही. इथल्या दवाखान्यातली डॉक्टरीण मात्र मऊ नाही. ती म्हणाली, तेवढ्या मिठाने रक्तदाब चढत गेला, आणि त्यावर तुम्ही उन्हात झगा घालून चाललात.

वाटेच्या मध्यावर छातीवर कोणीतरी गुडघा ठेवला. मी खाली बसलो. पिलं माझ्याभोवती थांबली. पलीकडे व्याही कुंपण बांधत होते, मला त्यांची हातोडी ऐकू येत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं. तू विचारतेस मरायला तयार होतो का. नव्हतो. मला फार भीती वाटली. शपथेवर सांगतो, पिलांची काळजी करण्याइतका मी मोठा नाही. हाक मारणारच होतो.

तेवढ्यात ती निळी-पिवळी झग्याखाली शिरली आणि माझ्या बरगडीला चिकटून बसली. मग दुसरी. मग चौघंही. त्यांना वाटलं मी त्यांना निजवायला बसलोय. आणि मी जिभेखाली गोळी ठेवली आणि माझ्या छातीत जे काही चाललं होतं त्याच्या बाहेरून चार छात्या चालू झाल्या. इतक्या भरभर, ठकू, की मोजता येणार नाहीत. माझं हृदय अडखळत होतं आणि त्याला खेटून ती चार हृदयं धावत होती. मी कान देऊन ऐकत राहिलो. हाक मारायची राहिली ती अशी. ठरवून नाही. ऐकण्यात राहिली.

हातोडी थांबली, मी परत आलो नाही हे व्याह्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी झगा चढवून मला शोधलं. तेही एक शब्द बोलले नाहीत. माझ्या शेजारी बसले, माझा हात धरला, आणि बाहुली हलवून पिलांना हळूच बाहेर काढलं. मग आधार देत मला घरापर्यंत नेलं.

डबा त्यांच्या हवाली केला आहे. तोंडाला चव नाही, चिडचिड होते, रात्री स्वप्नात मला आपलं शीतघर दिसतं. पण तुझ्या गळ्याची शपथ, पुन्हा हात लावणार नाही.

आईला सांग. मी सांगायच्या आधी तू सांग, म्हणजे माझ्या वाट्याला निम्म्या शिव्या येतील.

बाबा

*

२० जुलै

बाबा,

आईला सांगितलं. तुमच्या वाट्याच्या निम्म्या शिव्या तिने राखून ठेवल्यात, आल्यावर घ्या. रेडिओ पुन्हा सुरू झाला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला तुमच्या रक्ताचा अहवाल मिळाला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. म्हणाले, "हा त्याच माणसाचा आहे ना?" मी म्हणाले, "आवाज बंद केल्यापासून माणूस बदललाय."

दुकानातही गंमत आहे. तुमचं ऐकून लोक मला विचारायला लागलेत, माझ्या नवऱ्यालाही छातीत होतं, काय देऊ? आता मी काय डॉक्टर आहे? पण चरबी काढून देते, आणि ज्यांना पूर्वी रोज लागायचं त्यातल्या काहींना आठवड्यातून एकदाच या म्हणते. आजोबांनी ऐकलं असतं तर सुरा घेऊन मागे लागले असते.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. आपल्या चौकातला टॅक्सीवाला, तोच, जो तुम्ही दवाखान्यात असताना आईला तिथे न्यायला पैसे घ्यायचा नाही. त्याची आई फार धापा टाकते. त्याला कोणी सांगितलंय की रानातल्या मोठ्या पांढऱ्या पाखराच्या मांसाचं पाणी दिलं की दम बसतो. तो मला विचारत होता, मागवून देशील का. मी म्हणाले, त्यापेक्षा आईला डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, "नेलं होतं, रांग लांब होती, ती बसू शकेना." आणि गेला. माणूस वाईट नाही, म्हणूनच मला ते बरं वाटलं नाही.

ठकू

*

९ ऑक्टोबर

ठकू,

टॅक्सीवाल्याच्या आईचं व्याह्यांना सांगितलं. इथेही जुने लोक तेच सांगायचे, म्हणे. जे पाखरू डोंगर ओलांडून जातं त्याला दम लागत नाही, तेव्हा त्याचं मांस खाल्लं की आपल्याला लागणार नाही. ऐकायला किती बरोबर वाटतं बघ. असं बरोबर वाटता वाटता सगळी संपली.

पिलं उडाली. कशी, ते सांगण्याचा प्रयत्न करतो. मी रोज त्यांना माळावर न्यायचो आणि हात पसरून धावायचो. माझ्या वयाचा माणूस, पांढऱ्या झग्यात, हातात बाहुली, हात पसरून धावतोय. तुझ्या आईने बघितलं असतं तर लग्न मोडलं असतं. पिलं मागून धावायची, पंख फडफडवायची, धडपडायची. एके दिवशी मी धावलो आणि मागे पावलं ऐकू येईनात. वळून बघितलं, माळ रिकामा. मग माझ्यावरून सावल्या गेल्या. वर चौघं होती. मान सरळ पुढे, पाय सरळ मागे, आणि इतकी शांत, जणू खाली धडपडत होती ती दुसरीच कोणी होती. मला ज्यांनी कधी काही शिकवलं त्यांना असं झालं असेल का, मला ठाऊक नाही. मी मटकन खाली बसलो. छातीमुळे नाही, काळजी करू नकोस.

काल त्यांना सोडलं. उत्तरेकडून आलेले जुने रानटी क्रौंच दलदलीत उतरले होते. आपली पिलं त्यांच्यात मिसळली आणि सकाळी सगळ्यांबरोबर उठली. दक्षिणेची वाट त्यांना मी दाखवू शकत नव्हतो, ती त्या जुन्यांनाच ठाऊक. आपल्या गावावरून जातील ते. नदीवर नजर ठेव.

निळी-पिवळी सगळ्यात शेवटी गेली. एक घिरटी माझ्यावरून घालून.

बाबा

*

२ नोव्हेंबर

ठकू,

तुझं पत्र नाही. दक्षिणेच्या तळ्यावरून निरोप आला, जुन्या थव्याबरोबर आपली तीन पिलं पोचली. निळी-पिवळी नाही. वाटेत कुठे उतरली असेल, व्याही म्हणतात. ते म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. तुम्ही सगळी ठीक आहात ना? दोन ओळी तरी लिही.

बाबा

*

१४ नोव्हेंबर

बाबा,

आधी बसा. मामंजींना जवळ बोलवा. मग वाचा. ती जिवंत आहे.

मी मुद्दामच लिहिलं नाही. ती जगेल की नाही हे कळेपर्यंत तुम्हाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुम्ही डबा लपवलात, मी हे लपवलं. बापाची लेक.

ऑक्टोबरच्या शेवटी, दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. टॅक्सीवाला मागच्या दाराने आला. खांद्यावर पोतं. म्हणाला, "तू मागवून देईनास, मग मीच आणलं. नदीपलीकडच्या शेतात होतं. मला हे कापता येत नाही, तू साफ करून दे." पोतं जमिनीवर ठेवलं आणि ते हललं.

मी पोत्याचं तोंड सोडलं. पांढरे पंख, एकावर रक्त, आणि पायात निळं-पिवळं कडं.

मी त्याला काय काय बोलणार होते, बाबा. सगळं जिभेवर आलं होतं. पण पाखरू धडपडायला लागलं, भिंतीवर डोकं आपटायला लागलं, आणि मला तुमचं पहिलं पत्र आठवलं. मी टॅक्सीवाल्याच्या तोंडावर हात ठेवला आणि त्याला ढकलून दाराआड केलं. मग खुंटीवरचा तुमचा दुकानातला पांढरा कोट काढला, तो डोक्यावरून घेतला, बाहीत हात पार आत ओढला आणि चोचीसारखं बाहीचं टोक खाली करून उभी राहिले. बाहुली नव्हती. घुरघुर नव्हती. मला वाटलं, हिला काय फसवणार मी, मटणाचा वास येणाऱ्या कोटात.

ती थांबली. मान वाकडी करून बाहीकडे बघितलं. आणि मग रक्ताने भरलेला पंख ओढत, त्या लांब पायांवर डुलत, ती ठोकळ्याला वळसा घालून माझ्याकडे आली आणि कोटाखाली डोकं घातलं. माझ्या बरगडीशी. तुम्ही लिहिलं होतं तिथेच.

मी किती वेळ तशी उभी होते मला सांगता येणार नाही. आपल्या दुकानात, मटण टांगायच्या आकड्यांखाली, मी श्वासही जपून घेत होते. आजवर त्या खोलीत जनावर आलं ते मेलेलं. हे मात्र माझ्याजवळ उभं होतं आणि मला आपलं समजत होतं. मला वाटलं, आता हलले तर काहीतरी फार मोठं मोडेल.

दाराच्या फटीतून टॅक्सीवाला बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याला शिव्या द्यायचं सुचलं नाही. मी मोकळ्या हाताने खूण केली, गाडी. तो धावत गेला. मागची सीट काढून टाकली, रेडिओ बंद केला, काचा वर केल्या. मी कोट डोक्यावरून घेऊन तिला मांडीत धरून बसले आणि शहराच्या टोकाला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत त्याने एकदाही भोंगा वाजवला नाही. तुम्हाला त्याची गाडी माहीत आहे. तो भोंग्यावरच चालवतो. वाटेत एकदा त्याने आरशात बघितलं, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हुंदकासुद्धा आवाज न करता देत होता.

पंखातून छर्रे काढले. हाड सांधलं, पण ती पुन्हा उडणार नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं, हात धजेना. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला, छर्ऱ्याचे बारीक कण मांसभर विखुरले होते, शिसं. ते टॅक्सीवाल्याला म्हणाले, "याचं पाणी आईला पाजलं असतं तर शिसंच पाजलं असतं." तो भिंतीला टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून वनखात्याच्या कचेरीत गेला आणि बंदूक टेबलावर ठेवून जे केलं ते सांगितलं. खटला होईल. त्याच्या आईला मी आणि आमचे हे घेऊन रांगेत बसलो. तिचं हृदय कमजोर झालंय. ताकद यावी म्हणून तो तिला रोज हाडांचं खारट पाणी पाजत होता, आणि त्याच मिठाने अंगात, फुफ्फुसांत पाणी साठत होतं. मीठ तोडलं, गोळ्या सुरू केल्या, काल ती स्वतः चालत दुकानासमोरून गेली. काही घेतलं नाही. हात केला फक्त.

पाखरू हिवाळाभर दवाखान्यात राहील. झगे मामंजींनी पाठवावेत. मी रविवारी तिच्याजवळ जाऊन बसते, कोट घालून. आईही आली होती. बाबा, आई तासभर गप्प होती.

तुम्ही आता घरी या. थंडी पडली. मी एकटी हे सगळं डोक्यात घेऊन दुकानात उभी राहू शकत नाही.

ठकू

*

३० मार्च

ठकू,

हिवाळाभर तुझ्या हाताखाली राबलो, आता पुन्हा व्याह्यांच्या हाताखाली. यात माझी बढती झाली की बदली, हे ठरवता येत नाही. निळी-पिवळी प्रवासात शहाण्यासारखी बसून होती. तिला वेतांच्या कडेला मोठ्या, वरून उघड्या कुंपणात ठेवलं आहे. तिला उडता येत नाही तेव्हा वर जाळी कशाला.

पहिले काही दिवस ती नुसती आकाशाकडे बघत उभी राहायची. मला बघवेना. मी व्याह्यांना जेवताना म्हणालो, "आपण हिला वाचवलं ते बरोबर केलं ना?" ते म्हणाले, "मला माहीत नाही, व्याहीबुवा. मी रोज विचारतो."

परवा सकाळी मी पाणी भरायला गेलो होतो. दक्षिणेकडून थवा आला, उत्तरेला परतणारा. फार उंचावर, पिठाची चिमूट सांडावी तसा. ती मान वर करून उभी राहिली. एवढे महिने तिचा आवाज म्हणजे पिलाची बारीक शीळ. ती तशीच शीळ घालायला गेली आणि शीळ मध्येच फुटली. तिच्या त्या लांब गळ्यातून असा आवाज निघाला की माझ्या हातातली बादली थरथरली. पितळेचा. दलदलीच्या पार टोकाला आपटून परत आला. तीच घाबरली, स्वतःच्या मागे बघायला लागली, कोण बोललं म्हणून. पाखराचा आवाज असाच एका दिवसात फुटतो, व्याही नंतर म्हणाले. मी तेव्हा झग्याच्या आत उभा होतो आणि माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून गेला नाही.

थवा फिरला. मोठी घिरटी घेत खाली आला आणि कुंपणाबाहेर उथळ पाण्यात उतरला. आपली तिन्ही पिलं त्यांत होती, आता पिलं कसली, पांढरीशुभ्र, ओळखलं ते कड्यांवरून. मी वेतांत पालथा पडून राहिलो. शेजारी व्याही पालथे. दोन म्हातारे, चिखलात, तोंडावर जाळ्या.

एक रानटी नर, पायात कडं नसलेला, कधी माणसाच्या हाताला न लागलेला, कुंपणाजवळ आला. त्याने मान खाली वाकवली, पंख उघडले आणि उडी मारली. तीही वाकली. एक पंख पूर्ण उघडला, दुसरा अर्धाच उघडला, आणि तिने उडी मारली. मग दोघं नाचायला लागली, कुंपणाच्या दोन बाजूंना, काड्या उचलून हवेत फेकत, ठकू, हे मी स्वतः पाहिलं. तिला नाच कोणी शिकवला? मी नाही शिकवला. मला येत नाही. इतकी वर्षं मी जनावरांच्या आत बघितलं, नस अन् नस मला ठाऊक आहे, आणि ही गोष्ट आत कुठे ठेवलेली असते ते मला कधी दिसलं नाही.

दुपारी थवा उठला आणि उत्तरेला गेला. तो राहिला. व्याही म्हणाले, आशा धरू नका, संध्याकाळपर्यंत त्यांच्या मागे जाईल. संध्याकाळी तो होता. रात्री त्यांनी सांगितलं, पहाटे बघू. पहाटे तो कुंपणाच्या आत उभा होता.

होडीवाला शिट्टी वाजवतोय, पत्र द्यायचं आहे. पाकीट बंद करायच्या आधी मी पुन्हा एकदा वेतांपर्यंत जाऊन बघून आलो.

तो अजून गेलेला नाही.

बाबा